तळटिपेतली सवत

माझ्या सवतीचं नाव मी तोंडानं घेत नाही. ती ज्या पुस्तकात राहते त्याचंही घेत नाही, आणि ते लिहिणाऱ्याचं तर मुळीच नाही. असली बाई ज्यानं जन्माला घातली त्याची जाहिरात मी का म्हणून करू? ती अमेरिकेची, पणजीच्याही आधीच्या काळातली, आणि नखशिखांत कागदाची. यातली एकही गोष्ट तिला आमच्या घरात येऊन राहायला आड आली नाही.

आमचे हे केजच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. अभिजात अमेरिकन कादंबरीवर त्यांची पीएच.डी. चालली होती, म्हणजे इतकी चालली होती की आमच्या ओळखीत लोक विचारायचे, "पोरं कशी आहेत? पीएच.डी. कशी आहे?" आम्ही केजच्या अलीकडे, रस्त्यावरच्याच एका गावात राहायचो. मी बी.ए. मराठी घेऊन केलेलं, आणि गावच्या महिला दूध उत्पादक सहकारी संस्थेची चेअरमन. चेअरमन कशी झाले म्हणाल, तर गावातल्या दोन मातब्बर जावांना एकमेकींना त्या खुर्चीत बसू द्यायचं नव्हतं, म्हणून दोघींनी मिळून मला बिनविरोध निवडून दिलं. सहकाराचा पाया विश्वास असतो असं भाषणात सांगतात. आमच्याकडं तो मत्सरावर भक्कम उभा होता.

तर ती बाई. गोष्ट थोडक्यात अशी: दूरवर पसरलेलं कोरडं माळरान. नवरा पहिल्याच थंडीत मेलेला. दुष्काळ पडतो, शेजारीपाजारी गाड्या जुंपून निघून जातात, ही एकटी मागं राहते. एक विहीर, तिच्यावर पवनचक्की, थोडी जनावरं. एक धर्मोपदेशक येतो, लग्नाचं विचारतो. ही नाही म्हणते. शेवटच्या पानावर पवनचक्कीखाली उभी राहून रस्त्याकडं बघते. पाऊस पडतच नाही. संपलं.

एवढ्याशा गोष्टीवर माणूस किती बोलू शकतो? जेवताना हात ताटात थांबायचा आणि हे म्हणायचे, "ती गप्प राहते ना, त्या गप्प राहण्यात अख्खा प्रदेश आहे गं!" मी गप्प राहिले की मात्र विचारायचे, "डोकं दुखतंय का?"

पहिले मार्गदर्शक जुन्या वळणाचे होते. त्यांचं म्हणणं, लेखकाचं चरित्र कळल्याशिवाय पुस्तक कळत नाही. मग घरात लेखक आला. त्याची आई, त्याचं आजारपण, त्यानं कुठं काय खाल्लं. शोधता शोधता निघालं की तरुणपणी एका बाईनं त्याला नकार दिला होता, आणि त्या बाईवरून ही रचलेली. मला ही पद्धत फार आवडली. "म्हणजे माणसं ताटकळत ठेवायची सवय खानदानीच आहे म्हणा की तिची," मी म्हटलं. यांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

ते मार्गदर्शक निवृत्त झाले. दुसरे आले, नव्या वळणाचे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, लेखक विसरा. तो कोण, कुठला, कुणावर चिडलेला, काही बघायचं नाही. समोर मजकूर आहे. शब्द बघा, प्रतिमा बघा, काय पुन्हा पुन्हा येतं ते बघा. झालं. लेखकाला वळकटीसकट घराबाहेर काढलं. यांना वाटलं अभ्यास शास्त्रशुद्ध झाला. मला वेगळंच दिसत होतं. लेखक होता तोवर निदान एक तिसरा माणूस तरी होता मध्ये. आता ही आणि हे, दोघंच.

मग एका उन्हाळ्यात हे कुठल्याशा शिबिराला गेले आणि मानसशास्त्र घेऊन आले. "पवनचक्की ही नुसती पवनचक्की नसते," यांनी मला सांगितलं.

"मग काय असते?"

यांनी दाराकडं बघितलं. अंगणात सासूबाई तूर पाखडत होत्या. यांनी आवाज बारीक केला आणि सांगितलं.

"अगं बाई! हे तुम्ही पोरींना वर्गात शिकवता?"

"वर्गात मी ती पवनचक्कीच ठेवतो," हे म्हणाले, आणि पाणी प्यायला उठले.

त्यानंतर जमिनीचा प्रश्न आला. ते माळरान मुळात कुणाचं? तिथं आधीपासून राहणाऱ्या लोकांना हुसकून लावून सरकारनं ते या बाईसारख्या नव्यानं आलेल्यांना वाटलं होतं. पुस्तकात त्या लोकांचा उल्लेख एका ओळीपुरता, तोही लांबून दिसणाऱ्या धुरासारखा. लेखक जे बोलत नाही ते ऐकायचं, अशी ही पद्धत. मी तर टाळीच वाजवली. "म्हणजे बाई अतिक्रमणात राहते!" आठवडाभर मला गाढ झोप लागली. पण यांनी लगेच त्यातूनही वाट काढली. म्हणाले, "त्यामुळं तिची शोकांतिका अजून खोल होते." हीच तर माझी तक्रार होती. तिच्याविरुद्ध काहीही सिद्ध करा, ती खोलच होत जायची. माझ्या भाजीत मीठ जास्त पडलं तर ती खोल होत नव्हती, खारटच व्हायची.

शेवटी स्त्रीवाद आला. मला वाटलं, आता तरी कुणी आपल्या बाजूचं आलं. "तिचा नकार हीच तिची भाषा आहे," हे म्हणाले.

"बरं मग, आजपासून भांडी घासायला माझाही नकार."

"अगं, तो विषय वेगळा."

हे सगळं चाललं होतं तेव्हा बाहेर दुष्काळ होता. तळ्याला भेगा पडलेल्या, जनावरं चारा छावणीत, दूध निम्म्यावर. संस्थेचा माप घेणारा माणूस बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला, म्हणून चेअरमनबाईच पदर खोचून माप घ्यायला उभ्या राहिल्या. दूध संकलन केंद्र रस्त्याच्या कडेला, एका पत्र्याच्या खोलीत. बायका चरव्या घेऊन यायच्या, मी माप घालून दूध मोठ्या कॅनमध्ये ओतायची, सचिव म्हणून नेमलेली एक तरतरीत सूनबाई फॅट बघून आकडा पुकारायची. समोर कडुलिंबाखाली जीपचा थांबा. हे रोज सकाळी तिथं उभे. एका हातात पिशवी, दुसऱ्यात ते पुस्तक. जीप भरेपर्यंत वाचत राहायचे. पुस्तकावरून मान वर करून मधूनच समोर बघायचे, पुन्हा खाली. मी हात करायची. ते मान हलवायचे, पण कसे, तर झोपेतला माणूस हलवतो तसे.

एक दिवस माझा चेहरा पडलेला बघून एक आत्या म्हणाली, "कावून बाई तोंड उतरलं?" ही आत्या धनगराची. दोन म्हशी, चाळीसभर मेंढरं आणि सगळ्या गावाची खबर, एवढी तिची इस्टेट. मी वैतागलेली होते. बोलून गेले, "काय सांगू आत्या, सवत आलीय घरात."

दुसऱ्या दिवशी केंद्रावर दूध कमी आणि बायका जास्त आल्या.

"कुठली हाय ती?" आत्यानं विचारलं. "केजची?"

"अमेरिकेची."

"एवढ्या लांबून? कावून, तिथं कोनी मिळंना का तिला?"

"सर असे वाटत न्हाईत बाई," कुणीतरी मागून म्हणालं.

"कोनताच असा वाटत न्हाई," आत्या म्हणाली. "माझा बी वाटत नव्हता."

सचिवबाई नियमाची पक्की. म्हणाली, नुसतं बोलून उपयोग नाही, संस्थेनं चेअरमनच्या पाठीशी उभं राहायला पाहिजे, निषेधाचा ठराव घ्या. सूचक आत्या. अनुमोदक ती मातब्बर थोरली जाऊ. धाकट्या जावेनं अनुमोदन आपल्याला द्यायचं होतं म्हणून तोंड वाकडं केलं, पण हात वर केला. मी सांगायचा प्रयत्न करत होते, पण ठराव चालू असताना चेअरमननं मध्ये बोलायचं नसतं असं सचिवानं मला बजावलं. ठराव एकमतानं मंजूर. मग मी सांगितलं, "बायांनो, ती पुस्तकातली आहे."

सचिवबाईनं लिहिता लिहिता पेन वर केलं.

"म्हंजी मेलेली हाय?" आत्यानं विचारलं.

"जन्मलीच नव्हती."

आत्यानं कपाळाला हात लावला. "मंग तर लई वंगाळ. मेलेलीचं वरीसश्राद्ध घालता येतं, मानूस हळूहळू इसरतो. न जन्मलेलीचं काय करावं?"

आजवर समीक्षेवरची पुष्कळ व्याख्यानं मी यांच्यामुळं ऐकली. माझं दुखणं इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

पण आता सचिवबाईला शंका आली. जिच्याविरुद्ध ठराव, तिचं म्हणणं ऐकून घेतलेलं नाही. उद्या कुणी हरकत घेतली तर? म्हणून ठरलं की चेअरमननं त्या बाईची हकीगत सभासदांना सांगावी. टँकर रोज उशिराच यायचा, आणि केंद्रासमोरच थांबायचा. दूध घालून झालं की बायका घागरी रांगेत लावायच्या आणि केंद्राच्या सावलीत बसायच्या. तिथं माझं कथाकथन सुरू झालं.

सांगायचं तर नीट वाचायला हवं. हे दुपारी कॉलेजातून येऊन आडवे झाले की मी यांच्या पिशवीतून पुस्तक हळूच काढायची आणि शब्दकोश मांडीवर घेऊन बसायची. चुगली करायची असेल तर माणूस काय बारकाईनं वाचतो! समीक्षेच्या सगळ्या पद्धती यांना ठाऊक होत्या, पण सवतीनं वाचायची पद्धत कुठल्याच मार्गदर्शकानं सांगितली नव्हती. मी एकेक ओळ चाळणीतून काढली. बाई धर्मोपदेशकाशी धडधडीत खोटं बोलते. बाई पाव करपवते. बाई अख्ख्या पुस्तकात एकदाही अंघोळ करत नाही. हे सगळं मी रांगेत तिखटमीठ लावून सांगायची. हातवारे करायची, तिचा आवाज काढायची, धर्मोपदेशकाची चाल चालून दाखवायची. मला वाटलं, बायका तिला शिव्या देतील.

बायका तिच्या प्रेमात पडल्या.

आत्याला फक्त जनावरांशी मतलब. "चाऱ्याचं काय केलं तिनं? वाळलेलं गवत कुठवर पुरलं?" थोरल्या जावेला माहेरची चिंता. "भाऊ न्हाई व्हय तिला? एकदा बी आला न्हाई?" सचिवबाई विचारायची, विहीर कुणाच्या नावावर आहे आणि नवरा मेल्यावर वारसाची नोंद झाली की नाही. जिला जे आयुष्यात नडलं होतं ते ती पुस्तकात शोधत होती, आणि ते नाही सापडलं तर मला बोल लावत होती की मी गाळलं. मग लग्नाला नकार देण्याचा प्रसंग आला. मी तो मुद्दाम फिका सांगितला. तरी सगळ्या रांगेनं एकदम "बरं केलं!" म्हटलं, आणि टँकरवाला दचकून खाली उतरला.

त्याच आठवड्यात सचिवबाईनं विषय काढला: निषेधाचा ठराव रद्द करून सदर बाईच्या अभिनंदनाचा ठराव घ्यावा. सूचक, आत्या. अनुमोदक, धाकटी जाऊ, या वेळी तिनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. आणि चेअरमन या नात्यानं तो ठराव "सर्वानुमते मंजूर" असं मला, मला, माझ्या तोंडानं जाहीर करावं लागलं! नवरा गेला तो गेला, माझा अख्खा मतदारसंघ गेला.

त्याच सुमाराला प्रबंध पूर्ण झाला. काळ्या रेक्झिनची बांधणी, वर सोनेरी अक्षरं. विद्यापीठात दिला, एक प्रत घरी आली. सासूबाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं. मी ती दुपारी उघडली. इंग्रजी जड होतं, पण आता माझा हात बसला होता. आणि चौथ्या प्रकरणात मला ते पान सापडलं.

त्यात लिहिलं होतं की नायिकेचं सगळं व्यक्तित्व एका हालचालीत आलेलं आहे. दोन्ही हात दुधानं ओले असतात, केसांची एक बट कपाळावर येते. हात लावता येत नाही, म्हणून ती मनगटाच्या मागच्या बाजूनं बट मागं सारते. कोपर उंच जातं, मान थोडी डावीकडे कलते, डोळे क्षणभर मिटतात. कष्ट आणि डौल, लाज आणि बेफिकिरी, सगळं त्या कोपराच्या कोनात आहे असं यांचं म्हणणं. दीड पान. आमच्या लग्नाच्या आयुष्यात यांनी मला दीड पान लिहिलेलं नव्हतं. बाहेरगावाहून यायचं ते कार्डसुद्धा निम्मं रिकामं असायचं.

पण मला झोंबलं ते वेगळंच. ही हालचाल पुस्तकात नव्हती.

मी पुस्तक सवतीसारखं वाचलं होतं. तिचं असं काही असतं तर मी सोडलं असतं का? रांगेत कोपर उडवून उडवून दाखवलं असतं! मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तिथं गाई आहेत, दूध आहे, ओले हात आहेत. बट नाही, मनगट नाही, कोपर नाही. प्रबंधात तळटीप होती, पण तिच्यात दिलेलं पान पुस्तकात काढलं तर तिथं पवनचक्की आणि एक आजारी वासरू. मार्गदर्शकांनी तळटिपेला आकडा आहे एवढं पाहिलं असणार.

मग हे यांनी बघितलं कुठं? माणूस इतकं बारीक, इतकं डोळे मिटण्यापर्यंत, मनानं रचत नाही. हे यांनी कुणाचंतरी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं. कागदाची सवत मी कशीतरी सोसत होते. आता मनगट असलेली निघाली.

तेव्हापासून मी केजमध्ये बायकांच्या हातांकडं बघत चालायला लागले. कॉलेजात गृहविज्ञानाच्या एक नवीन मॅडम आल्या होत्या, केस मोकळेच सोडायच्या. मी त्यांना जेवायला बोलावलं आणि पुरणाची कणीक त्यांच्यापुढं ठेवली. "तिंबून बघता का हो जरा? तुमच्या हाताला चव असेल." बिचाऱ्या तिंबायला बसल्या. वारा यावा म्हणून मी खिडकी उघडली. बट आली. मी श्वास रोखला. मॅडमनी फूऽ करून ती उडवली. सुटल्या.

शेवटी यांनाच विचारलं. "ते मनगटाचं कुठल्या पानावर आहे हो?"

"तळटीप बघ ना."

"बघितली. तिथं वासरू आहे."

"मग तुझी आवृत्ती वेगळी असेल."

"घरात पुस्तक एकच आहे."

"अगं, इतकी वर्षं वाचतोय मी ते. दुसऱ्या भागात आहे. मला दिसतंय समोर," असं म्हणून यांनी खरंच समोर, भिंतीकडं बघितलं, आणि हसले. ते हसणं बघून माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

व्हायवाची तारीख आली. आमच्याकडं पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते. पाहुणेरावळे येतात, हार असतात, पेढे असतात. बाहेरचे परीक्षक प्रश्न विचारतात, आणि शेवटी रीत म्हणून सभागृहाला विचारतात, कुणाला काही शंका? कुणालाच नसते. संस्थेच्या बायका म्हणाल्या, आमी बी येणार, आमच्या बाईचा निकाल हाय. आमच्या बाईचा म्हणजे माझा नव्हे. सकाळचं माप लवकर उरकून विद्यापीठात जायला एक काळीपिवळी जीप ठरवली. गेवराईच्या पुढं गोदावरीच्या पुलावर आत्यानं नमस्काराला हात जोडले आणि खाली बघून म्हणाली, "नदी कुठं गेली?" वाळूचे ढीग आणि त्यात उभे ट्रॅक्टर, एवढंच होतं. आत्यानं जोडलेले हात तसेच ठेवले, पण नमस्कार कुणाला करावा ते तिला कळेना.

मी कोपऱ्यात बसून एकच गोष्ट घोकत होते. विचारलं, तर प्रबंधातली चूक सगळ्यांसमोर उघडी पडणार. इतक्या वर्षांची पदवी माझ्याच तोंडून बुडायची. नाही विचारलं, तर ते मनगट कुणाचं हे मला मरेपर्यंत कळायचं नाही. यांच्यासाठी शिवलेला नवा सदरा मीच इस्त्री केला होता. जीपमध्ये मी ठरवलं, गप्प बसायचं.

परीक्षक हैदराबादकडचे म्हातारे प्राध्यापक होते. परीक्षा इंग्रजीत झाली, अधूनमधून त्यांची दखनी. लेखकाच्या चरित्रावर प्रश्न, जमिनीवर प्रश्न, स्त्रीवादावर प्रश्न. यांनी सुंदर उत्तरं दिली. मला अभिमान वाटत होता. मग यांनी, कुणी विचारलेलं नसताना, ते मनगट काढलं. "सर, या एका हालचालीत," असं म्हणताना यांचा आवाज असा मऊ झाला, जसा माझ्याशी बोलताना फक्त पहिल्या वर्षी होता.

परीक्षकांनी सभागृहाकडं मान वळवली. "किसीको कुछ पूछना है क्या? शरमाओ नक्को."

मी उभी राहिले. माझे पाय उभे राहिले, मी नंतर गेले.

"अम्मा, पूछो पूछो."

"ते मनगटाचं," मी मराठीतच म्हणाले, "पुस्तकात कुठल्या पानावर आहे?"

यांनी माझ्याकडं बघितलं. मी ते बघणं विसरणार नाही. रस्त्यात अचानक ओळखीचं माणूस दिसावं पण नाव आठवू नये, तसं. परीक्षकांनी स्वतःच्या हातातलं पुस्तक उघडलं, तळटीप बघून पान काढलं, चष्मा वर-खाली केला. "प्रोफेसर साब, यहाँ तो बछडा बैठा है."

सभागृहात थोडं हसू झालं. हे पानं उलटायला लागले. दुसरा भाग, पुन्हा पहिला. मार्गदर्शक छताकडं बघत होते. "आहे सर, नक्की आहे," हे म्हणत होते. "ती अशी उभी असते..." आणि शब्द सापडेना म्हणून यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, दोन्ही हात ओले असल्यासारखे अंगापासून लांब धरले, आणि उजवं मनगट कपाळावरून मागं नेलं. कोपर उंच. मान डावीकडं. डोळे मिटले.

मागच्या रांगेतून आत्याचा आवाज आला. म्हशीला हाळी देते तो आवाज.

"आगं, ही तर आमची चेअरमन!"

"खरंच की गं!" थोरली जाऊ म्हणाली.

"दूध वततानी रोज आसंच करती! हुबेहूब!" धाकटी. चढाओढीशिवाय त्या दोघींचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

सगळं सभागृह माझ्याकडं वळलं. मी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं, जसं काही तो कुणी माझ्या खांद्याला नुकताच लावला होता. मी असं करते? मला माहीतच नव्हतं. केंद्रात आरसा नाही. पण थांबा समोरच आहे.

परीक्षकांना कुणीतरी सांगितलं, दूध, केंद्र, जीपचा थांबा. ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग चष्मा पुसत यांना म्हणाले, "पढनेवाला अपना घर साथ लेके पढता. ठीक है. पर वो पन्ना निकालना पडेंगा. किताब में नइं है तो नइं है. घर में रखो उसको." आणि पदवीची शिफारस केली.

परतीच्या जीपमध्ये हे आमच्यातच बसले, हार मांडीवर घेऊन. "सर," आत्या म्हणाली, "गाईला बी आपलं वासरू वळखू येतं." हे हारातली फुलं चाचपत बसले. गेवराईला चहाला थांबलो तेव्हा हळूच मला म्हणाले, "खरं सांगतो, मला ती पुस्तकातच दिसायची. तिथंच लिहिलेलं आहे असं वाटायचं."

माझा विश्वास बसला. तोच तर घोळ झाला. कारण मग त्याचा अर्थ असा की इतक्या सगळ्या सकाळी मी रस्त्यापलीकडं उभी होते, हे पुस्तकावरून मान वर करून माझ्याकडंच बघत होते, आणि बघून झालं की सगळं उचलून तिला नेऊन देत होते. दुसऱ्या बाईला दागिना घडवून दिला तर सापडतो तरी. यांनी माझं कोपरच परस्पर दिलं होतं.

ते दीड पान काढलं. चौथं प्रकरण आता एका पानातून पुढच्यावर उडी मारतं, नीट बघितलं तर सांधा दिसतो. म्हणजे प्रबंधात मी जेवढी होते तेवढी नियमानुसार काढून टाकली, आणि ती अमेरिकेवाली काळ्या रेक्झिनमध्ये, सोनेरी अक्षरांखाली, विद्यापीठाच्या कपाटात आजही मजेत आहे. काढलेली पानं यांनी मला दिली. मी ती साडीच्या घडीत ठेवली. इंग्रजी असल्यामुळं सासूबाईंना वाटलं, कोर्टाचा काहीतरी कागद आहे.

खरी गंमत पुढं झाली. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रावर माप घेत होते. समोर कडुलिंबाखाली हे उभे, पुस्तक पिशवीत, नजर सरळ माझ्यावर. चरव्या घेऊन बायका नेहमीपेक्षा जरा बाजूला सरकून उभ्या, मध्ये येऊ नये म्हणून. बट आली. मी मनगट उचललं.

"आसं न्हाई," आत्या म्हणाली.

मी पुन्हा केलं.

"कोपर जास्त वर गेलं," सचिवबाई म्हणाली. "आधी सहज व्हायचं."

रस्त्यापलीकडून यांनी हातानंच खूण केली, थोडं खाली, थोडं डावीकडं. माझा नवरा, मला, माझी हालचाल शिकवत होता! जीप आली तरी यांची खूण चालूच होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

मला ते पुन्हा कधीच जमलं नाही. हात उचलला की कळतं हात उचलला, आणि मग ते नाटक होतं. आता मी कामाला लागताना डोक्याला रुमाल बांधते. मत्सर म्हणाल तर आहे, जाता जात नाही, फक्त त्याचा पत्ता बदलला. अमेरिकेवालीला मी सोडलं, तिच्याशी माझं भांडण मिटलं. पण त्या पत्र्याच्या खोलीत दुष्काळात दूध मापणारी, आपल्याकडं कुणी बघतंय याची खबर नसलेली, बट मागं सारणारी एक बाई होती. यांचं जे काही दीड पानाचं प्रेम होतं ते तिच्यावर होतं. ती कुठं सापडली ना, तर तिच्या झिंज्या मी माझ्या हातानं उपटीन.